तीस वर्षे पाहिलेली पाठ

मागच्या शुक्रवारी रात्री लिस्बनच्या मोउरारिया भागातल्या एका लहानशा फादोघरात, म्हणजे फादो हे पोर्तुगालचे गाणे जिथे जेवता-जेवता ऐकतात तिथे, तीन वादक दीड तास एका गायिकेबद्दल बोलत होते, आणि त्या दीड तासात तिच्या आवाजाचे कौतुक त्यांच्यापैकी एकानेही केले नाही. त्याच रात्री घरी येऊन हे लिहायला बसले होते, पण पहिल्या वाक्यापुढे गेले नाही. आज पुन्हा बसले आहे.

त्या गायिकेचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांना मी विचारलेले नाही आणि त्या गल्लीबाहेर ते फारसे कोणाला ठाऊकही नसेल. त्या फादोघरात त्या कित्येक वर्षे गात होत्या. इथे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा होते. ती संध्याकाळी झाली आणि तिथून सगळे चालत फादोघरात आले. दारावरच्या पाटीवर खडूने लिहिले होते की आज गाणे नाही, फक्त वादक आहेत. मी आत गेले ती केवळ कुतूहलाने. तिथे मी यापूर्वी चार-पाच वेळा गेले होते आणि पहिल्याच वेळी एका चांगल्या जागेला तोंडून ‘वाह’ निघून गेल्यामुळे शेजारच्या आजोबांचा एक कटाक्ष झेललाही होता. फादो सुरू असताना दिवे मंद होतात, वाढपी थाळ्या हातात घेऊन जागच्या जागी थांबतात, आणि मध्येच पाणी मागितले तर ते कडवे संपल्यावरच मिळते. दाद द्यायची ती शेवटी, ‘आ, फादिश्ता!’ म्हणून. जागच्या जागी दाद देणारे आपले श्रोते मला आजही अधिक जिवंत वाटतात, पण तो वाद इथे कोणाशी घालावा एवढी माझी पोर्तुगीज अजून झालेली नाही.

फादोची साथ कशी असते ते थोडे सांगावे लागेल, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. गायिका उभी असते आणि तिच्या मागे वादक बसतात. एकाकडे पोर्तुगीज गितार्रा असते: बारा तारांची, तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत, अंगाने गोलसर, आणि डोक्याशी पंख्यासारख्या पसरलेल्या खुंट्या. ती अंगठा आणि तर्जनी यांवर खोटी नखे चढवून छेडतात. दुसऱ्याकडे सहा तारांची साधी गिटार असते, तिला हे लोक व्हियोला म्हणतात. आणि जिथे परवडते तिथे तिसरा वादक खर्जाच्या व्हियोलावर असतो. फादोच्या जुन्या चाली ठरलेल्या आहेत. मेनोर, कोर्रीदो आणि मोउरारिया या तिघींचा तर कर्ताच कोणाला ठाऊक नाही, आणि एकाच चालीवर प्रत्येक गायिका आपापली कविता गाते, जसे एका चालीत आपण अनेक अभंग म्हणतो. तालीम बहुधा नसतेच. गायिका वळून चालीचे नाव आणि पट्टी पुटपुटते, आणि वादक सुरू करतात. त्यानंतर ती शब्द कुठे ताणेल, कुठे थांबेल, कुठे अर्धी ओळ गिळून पुढे जाईल, हे त्या क्षणी तिचे तिलाच ठाऊक असते; व्हियोला लय धरून ठेवते आणि गितार्रा तिच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत उत्तर देते.

मी अकरा वर्षे मिरजेला एका बाईंना पेटीची साथ केली आहे. त्यामुळे ‘मधल्या जागेत उत्तर देणे’ हे मला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गितार्रा वाजवणारे गृहस्थ त्या तिघांत सर्वांत वयस्क होते. ते बोलायला उभे राहिले नाहीत, नेहमीच्या खुर्चीवर बसूनच बोलले. ते म्हणाले की तीस वर्षे मी या बाईची पाठ पाहिली आहे. तिचा चेहरा गाताना कसा दिसतो हे मला भिंतीवरच्या छायाचित्रांवरून कळले, पण तिची शाल उजव्या खांद्यावरून किती घसरली म्हणजे ती शेवटच्या कडव्यात आवाज चढवणार, हे या खोलीत माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. श्वास घेताना तिच्या पाठीची दोन्ही हाडे वर येत, आणि डावे आधी वर आले तर ती ओळ लांबवणार हे नक्की असे. मग त्यांनी तक्रारी सांगायला सुरुवात केली. थंडीत ती न सांगता पट्टी अर्ध्या सुराने उतरवून घेत असे आणि ती खालची पट्टी गितार्रावर बोटांना अडचणीची असे. व्हियोलावाल्याची तक्रार अशी की एका विशिष्ट फादोतला एक शब्द ती इतका धरून ठेवत असे की त्याच कॉर्डवर दाबून ठेवलेले बोट बधिर व्हायचे, आणि ती मुद्दाम करत होती हे तिने एका ख्रिसमसला कबूलही केले. खर्जाच्या व्हियोलावाल्याने फक्त एवढेच सांगितले की ती गायला उभी राहण्याआधी माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावत असे, आणि आता खुर्ची बदलायची वेळ आली आहे तरी मी ती बदलणार नाही.

लोक हसत होते. रडतही होते, पण मुख्यतः हसत होते.

मध्येच गोष्ट फादोची सर्वांत मोठी गायिका अमालिया रोद्रिगेस हिच्यापर्यंत गेली, जशी ती इथे नेहमीच जाते. ६ ऑक्टोबर १९९९ रोजी ती गेली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला आणि २००१ मध्ये तिचे अवशेष राष्ट्रीय पँथिऑनमध्ये नेण्यात आले. ज्या वास्तूत राष्ट्राध्यक्ष आणि साहित्यिक विसावले आहेत तिथे पोहोचलेली ती पहिली स्त्री. पण गितार्रावाले गृहस्थ त्याबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी सांगितले ते तिच्या वादकांचे. आल्याँ ऊलमान या संगीतकाराने तिच्यासाठी नव्या, अवघड चाली बांधल्या, तेव्हा तिचे गितार्रावादक वैतागून त्यांना ‘ऑपेरा’ म्हणत, कारण सवयीच्या दोन-तीन कॉर्डमध्ये त्या मावत नसत. आणि जोएल पीना, जे १९६६ पासून जवळजवळ तीस वर्षे खर्जाची व्हियोला घेऊन तिच्या मागे बसले, ते तिच्याच जन्मवर्षी, १९२० मध्ये जन्मले आणि २०२१ मध्ये गेले. ती गेल्यानंतरची वीस-एकवीस वर्षे त्यांना त्या आवाजाशिवाय काढावी लागली, असे हे गृहस्थ म्हणाले आणि आपल्या नखांकडे पाहत गप्प बसले.

त्यानंतर त्यांनी मेनोर वाजवायचे ठरवले, तिची जागा मोकळी ठेवून. दिवे मंद झाले, वाढपी थांबले. पहिली ओळ जिथे असायची तिथे फक्त व्हियोलाची लय चालू होती. ओळ संपायची तिथे गितार्राने उत्तर दिले. दुसऱ्या ओळीपर्यंत हे ठीक चालले, आणि तिसऱ्या ओळीत सगळेच कोसळले, कारण गितार्रावाले तिच्या थांबण्याची वाट पाहत राहिले आणि व्हियोलावाले तिच्या पुढे जाण्याची. दोघे एकमेकांकडे पाहू लागले. लय मोडली. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी सावरून घेतले नाही. खर्जवाला हसून म्हणाला, बघा, आजही उशीर तिनेच केला. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी ते शेवटपर्यंत गेले. कसे ते मला सांगता येत नाही, बहुतेक दोघांनी तिची एकच जुनी रात्र आठवली असावी.

आता मला ज्याचा राग आला ते लिहिते, आणि तो राग या लोकांवर नाही.

आमच्या बाई गेल्या त्याला आता पाच महिने झाले. त्यांची शोकसभा मी इथे कार्यालयाच्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, मोबाईलवर पाहिली. व्यासपीठावर पांढऱ्या अभ्र्यांच्या सात खुर्च्या होत्या. पहिल्या वक्त्यांनी बाईंच्या निधनाने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी तीच पोकळी पुन्हा निर्माण केली. तिसऱ्यांनी आपल्या कारकिर्दीत सभागृहाला नवे पत्रे बसवल्याची आठवण सांगितली, कारण बाई तिथे गायल्या होत्या. चौथ्यांना बाईंच्या गाण्यात नेमके काय आवडत असे हे आठवेना, म्हणून ते ‘दैवी’ या शब्दावर दोनदा थांबले. सातव्यांपर्यंत माझी सुट्टी संपली. बाईंना बावीस वर्षे तबल्याची साथ करणारे काका तिसऱ्या रांगेत बसलेले मला कॅमेऱ्यात दिसत होते. त्यांना कोणी बोलावले नाही. सूत्रसंचालकांनी ‘साथीदार’ हा शब्द एकदा उच्चारला, तोही आभारात, ध्वनिक्षेपकवाले आणि मंडपवाले यांच्या मधोमध.

हे आजचे नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे आहे. कार्यक्रमपत्रिकेत गायकाचे नाव बोटभर आणि साथसंगत मुंगीएवढी, ही आपली जुनी रीत आहे. माझ्या पेटीला तर १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने दारच बंद केले होते. पेटीत श्रुती नाहीत, मींड नाही, हे आक्षेप मला पाठ आहेत आणि त्यातले निम्मे मला मान्यही आहेत. परंतु जे वाद्य सुराला पुरत नाही असे ठरले, ते वाजवणाऱ्याच्या आठवणीलाही मोल नसते हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? गायकाच्या डाव्या हाताला बसणाऱ्या माणसाला त्याचा गळा, जबडा, मांडीवरची बोटे सगळे दिसत असते. इथल्या वादकांना बिचाऱ्यांना पाठ दिसते, आणि त्या पाठीवर ते दीड तास बोलू शकतात. आम्हाला चेहरा दिसत होता.

अर्थात हे लिहिताना मला मिरजेची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इथे येऊन चार वर्षे झाली नाहीत तोच घरच्यांना नावे ठेवते आहे असे होईल. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि त्यांना मिरजेत आणून दफन केले. तेव्हापासून आजतागायत दर्ग्याच्या उरुसात गायक-वादक येतात आणि खाँसाहेबांच्या स्मृतीला हजेरी लावतात. तिथे भाषण ऐकायला कोणी येत नाही, गाणे ऐकायला येतात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेला महोत्सव, आणि तो वाढवणारे त्यांचे शिष्य भीमसेनजी: गाऊन आठवण ठेवणे आपल्याला येत नाही असे मुळीच नाही, उलट इतक्या पिढ्या इतक्या सातत्याने ते करणारे लोक मला इथे तरी भेटलेले नाहीत. लिस्बनकरांना हे सांगावे तर ते भारत म्हटल्यावर गोव्यापुढे जात नाहीत. पण मोठ्या माणसाला जे मिळते ते गल्लीतल्या गायिकेलाही मिळावे, एवढे मात्र मला त्या रात्री इथे दिसले आणि घरी दिसले नव्हते.

मी स्वतः का गेले नाही, हे वाचणाऱ्यांच्या मनात आले असेल. माझ्या वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण रखडले होते. त्या काळात देश सोडला तर परतताना अडचण येते असे सहकाऱ्यांनी सांगितले होते. आणि त्या आठवड्यातले विमानभाडे मला परवडणारे नव्हते. ही तिन्ही कारणे खरी आहेत, आणि तिन्ही मी कोणीही न विचारता सांगते आहे.

लोक पांगल्यावर मी गितार्रावाल्या गृहस्थांना माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितले की मीही एका बाईंच्या शेजारी बसत असे. त्यांनी बाईंबद्दल काही विचारले नाही. पट्टी कोणती, एवढेच विचारले. काळी चार, म्हणजे तुमचा सोल शार्प, मी म्हटले. शेवटची दोन वर्षे पांढरी पाच. त्यांनी नखे आधीच काढून ठेवली होती, म्हणून उघड्या अंगठ्यानेच सोल शार्पची जोडी छेडली, मग अर्ध्या सुराने खाली आले, आणि मान हलवून म्हणाले, थंडीत ना? मी हो म्हटले. खरे तर ती थंडी नव्हती, दम होता, पण पोर्तुगीजमध्ये मला तो शब्द सापडला नाही.

घरी पोहोचायला एक वाजला. मिरजेत तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि काका त्या वेळी रियाजाला बसतात हे मला ठाऊक होते. पाच महिन्यांत मी त्यांना फोन केला नव्हता. शोकसभेचा विषय मी काढला, तर ते म्हणाले, जाऊ दे, तिथे बोलून काय करायचे होते. मग जरा वेळाने आपण होऊनच म्हणाले की बाई तिहाई संपवताना डाव्या पायाचा अंगठा दाबायच्या, तुला पेटीवरून दिसायचा का? मला दिसत नव्हता. माझ्या बाजूने लुगड्याचा काठ आड येत असे. अकरा वर्षे मी समेवर त्यांच्या डोळ्यांकडे पाहून येत होते, आणि काका अंगठ्याकडे पाहून. त्यावर आम्ही पुष्कळ वेळ बोललो, दोन बंदिशींच्या समा पुन्हा मोजून पाहिल्या.

फोन ठेवण्यापूर्वी मी विचारले की बाईंचा तानपुरा आता कोणाकडे आहे. त्यांच्याच खोलीत आहे, काका म्हणाले. घोडीवर उगाच ताण नको म्हणून दुसऱ्याच दिवशी जाऊन तारा मी उतरवून आलो.