कार्तिकातल्या गारा आणि निरगाठ

आमच्या जिंतूर तालुक्यात गारा पडतात त्या होळीच्या मागंपुढं. २०१४ साली तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात पडतच राहिल्या, काढणीला आलेला गहू-हरभरा झोपला. तेव्हापासून फाल्गुनात आभाळ काळवंडलं की मामा (माझे सासरे) आधी गुरं गोठ्यात घेतात, मग बाकीचं. पण हा कार्तिक होता. तूर फुलाशेंगांत, कापसाची दुसरी वेचणी चालू, थंडी आत्ता कुठं लागलेली. गारांचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आम्ही आखाड्यावरच (शेतातल्या घरीच) राहतो. एक लाल कंधारी गाय, तिची सात महिन्यांची कालवड, बैलजोडी आणि चार उस्मानाबादी शेळ्या. त्यातली एक चार दिवसांपूर्वीच व्यालेली, दोन करडं.

दुपारी चारला पत्र्यावर पहिली गार वाजली. मग एवढा आवाज झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मामा पोतं डोक्यावर घेऊन बैलांकडं पळाले. दाव्याचं टोक ओढलं, गाठ सुटली, बैल आपोआप गोठ्यात शिरले. मी लिंबाखाली बांधलेल्या कालवडीकडं गेले. सकाळी तिला मीच बांधलं होतं. निरगाठ मारली होती. अंबाडीचा दोर भिजून फुगला, गाठ दगडासारखी आवळली. आवळ्याएवढ्या गारा तिच्या पाठीवर बसत होत्या. ती ओढत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती मान खाली घालून थरथरत उभी. गोठ्यातून गाय हंबरत होती. शेवटी मामा विळा घेऊन आले आणि दावं कापलं. म्हणाले, "पोरी, जनावराला नेहमी सुरगाठ. पळायची वेळ सांगून येत नाही." रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

पाव तासात सगळं थांबलं. अंगण पांढरंफेक, त्यावर लिंबाच्या पाल्याचा हिरवा चुरा आणि गार हवेत त्याचा कडू वास. पन्हाळीखाली घोट्याएवढा ढीग साचला होता, तो सकाळपर्यंत पुरता विरघळला नाही. मुलानं एक गार विळ्यानं फोडून आणली. आत कांद्यासारखे पापुद्रे. खालची दमट हवा जोरात वर चढते, थेंबांना ढगाच्या गोठलेल्या भागात नेते, तिथं बर्फावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. हे त्याला सांगताना माझं लक्ष मात्र करडांकडं होतं.

शेळ्यांचं कूड पश्चिमेकडून उघडं, दोन्ही करडं भिजली होती. आत्याबाईंनी (माझ्या सासूबाईंनी) एकाच्या तोंडात बोट घातलं. तोंड आतून गार. "हे आता आपण होऊन पिणार नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं लगेच दूध पाजावं, पण त्यांनी हात धरला. आधी कोरड्या पोत्यानं खसाखसा पुसलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब टोपल्यात ठेवलं. तासाभरानं तोंडाला ऊब आली, मग शेळीखाली धरलं. रात्री नऊला ते स्वतः उठून आचळ शोधायला लागलं, तेव्हा आत्याबाई जेवल्या.

तुरीचा फुलोरा गेला, सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा, गुरांची वैरण) भिजली. ती आठवडाभर उन्हात पसरून वाळवली. काळी पडलेली उकिरड्यावर टाकली, कारण गाय पुन्हा गाभण आहे आणि बुरशीच्या वैरणीनं गाभ पडू शकतो.

कालवडीच्या पाठीवरच्या गाठी आठ दिवसांत बसल्या. पत्रा तडतडला की अजून कान टवकारते. संध्याकाळी गुरं बांधून झाली की मी एक फेरी मारते आणि एकेका दाव्याचं टोक ओढून बघते. तिचं सगळ्यात शेवटी, दोनदा.