मुलांसाठी इतिहासाचं स्किट: अडीच मिनिटांत मुंबई भाड्याने

मुलांच्या कार्यक्रमासाठी इतिहासावरची विनोदी स्किटं लिहून ती चित्रीकरणापर्यंत नेणं हे माझं काम. या कामात पाऊल घसरतं ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच. आधी पोशाख ठरतो, मग विनोद, आणि इतिहास वरून भुरभुरला जातो. चिलखतातला सरदार मोबाईलला रेंज शोधतोय, यावर मूल एकदा हसतं आणि विसरून जातं. म्हणून कल्पना सुचली की मी तिचं साल आणि गाव बदलून बघतो. १६६५ च्या जागी १८५७, मुंबईच्या जागी झाशी. विनोद तसाच चालत राहिला, तर ती कल्पना बाद.

मुंबईचा किस्सा या तपासणीत पक्का उतरतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन यांच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात पोर्तुगालने हे बेट हुंडा म्हणून इंग्लंडला देऊ केलं. १६६२ मध्ये इंग्रज ताबा घ्यायला आले, तर पोर्तुगीज विजरईने, म्हणजे व्हाइसरॉयने, कागदपत्रांत खोट काढली. त्यात आणखी एक वाद: नुसतं मुंबई बेट द्यायचं, की शेजारचं साष्टी बेट आणि ठाणंही? ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन सैनिकांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडला. तिथे रोगराईने बरेच सैनिक मेले, १६६४ मध्ये तोही गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने ताबा घेतला. आणि १६६८ मध्ये राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला १० पौंड भाड्याने.

‘कागदपत्रं अपुरी आहेत, नंतर या’ हे वाक्य आपल्याकडच्या मुलांनी घरच्या मोठ्यांकडून हमखास ऐकलेलं असतं. त्यामुळे स्किटचं रूप आपोआप ठरतं: दुय्यम निबंधकाचं कार्यालय. टेबलामागे विजरईचा कारकून, समोर फाईल घेतलेला शिपमन, मागे बाकावर खलाशी. रूप निवडताना मी एवढंच पाहतो की त्याचे नियम मुलाला आधीपासून माहीत आहेत ना. बातम्या, क्रिकेटचं समालोचन, गाण्याची स्पर्धा, पालकसभा हे चालतं. शेअर बाजारावरची चर्चा चालत नाही, कारण मग आधी रूप समजावून द्यावं लागतं आणि त्यातच मिनिट जातं.

हुंड्याचा भाग फार जपून लिहावा लागतो. तहात मुंबईबरोबर आफ्रिकेतलं टँजिअर होतं, रोख रक्कमही होती; यादी वाचून दाखवली की हशा येतो. पण नवरीवर एकही विनोद नको. हसायचं ते माणसं आणि गावं एका सहीवर हातोहात देणाऱ्या राजांना. अंजदीवच्या सैनिकांचंही तसंच. ते वाक्य सरळ, संथ म्हणायचं आणि पुढे दोन सेकंद काही बोलायचं नाही. मृत्यूवर मुलं पटकन हसतात हे खरं. पण जो दुसऱ्याच्या हट्टापायी मेला, त्याच्यावर हसायला मी लावत नाही. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगचा विषयही मी याच कारणाने स्किटसाठी घेत नाही.

लिहायला बसलो की शब्द मोजतो. मराठी संवाद विनोदी लयीत, हशाच्या जागा धरून, मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्दांनी पुढे जातो. अडीच मिनिटांना २५० ते २७५ शब्द झाले, बस. एवढ्यात एकच गोष्ट आणि तिचे तीन टप्पे मावतात: कागद, नकाशा, भाडं. चौथा टप्पा घुसवला की शेवटचा पंच गडबडीत जातो. पात्रं चारपेक्षा जास्त नकोत. सनावळ्या संवादात दोनच, बाकीच्या पडद्यावरच्या पट्टीत. मुलांना अनोळखी शब्द आला तर तो नुसता म्हणायचा नाही, वस्तू हातात दाखवायची. लाखेची मोहर हातात धरली की वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

पडद्यावरची पट्टी हा मला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉरिबल हिस्टरीज’मध्ये उंदराची एक बाहुली मध्येच पाटी धरून सांगते की हे खरंच घडलं होतं. अतिशयोक्तीच्या गर्दीत मुलाला खरं-खोटं वेगळं करता यावं, म्हणून हे लागतंच. आमच्याकडे विश्वास बसणार नाही अशा प्रत्येक खऱ्या गोष्टीला पट्टी असते. ती किमान चार सेकंद ठेवायची. तिसरी-चौथीतलं मूल सात-आठ शब्द त्याहून लवकर वाचत नाही. पट्टीच्या वेळी संवाद बंद, नाहीतर डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे.

आधाराशिवाय पट्टी लिहायची नाही. संहितेच्या उजव्या बाजूला मी एक रकाना ठेवतो: हे कुठून, कोणी, किती वर्षांनी लिहिलं. शिवकाळासाठी सभासदाची बखर १७ व्या शतकाच्या अखेरची आहे, चिटणिसांची त्यानंतर शंभरावर वर्षांनी. दोन्ही बखरींना एकाच तराजूत तोलता येत नाही. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी हेतू घालताना तर दुप्पट काळजी. क्रिमियन युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांनी त्याच काळातल्या कृष्णवर्णीय परिचारिका मेरी सीकोल यांना वर्णावरून नाकारलं असं सुचवणारं त्याच ब्रिटिश मालिकेतलं एक स्किट बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टने २०१४ मध्ये चुकीचं ठरवलं. काल्पनिक कारकुनाने काहीही बोलावं, खऱ्या माणसाचा हेतू मात्र पुराव्यानेच दाखवावा.

मूर्ख राजा हा असाच एक सापळा. मुहम्मद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. लोकांनी घरोघरी ती पाडायला सुरुवात केली, आणि शेवटी सुलतानाला खजिन्यातून खरं नाणं देऊन ती परत घ्यावी लागली. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने हे लिहून ठेवलंय. सुलतान वेडा दाखवला की स्किट दोन वाक्यांत संपतं. पण चीनमध्ये तेव्हा कागदी चलनसुद्धा होतं, म्हणजे कल्पना वेडी नव्हती. सुलतान हुशार, तर्कशुद्ध आणि उत्साही दाखवायचा, आणि त्याच वेळी मागच्या स्वयंपाकघरात आजी पातेलं वितळवत असावी. सहज नक्कल होणार नाही अशी खूण नाण्यावर नव्हती, हे कारण मूल स्वतःच ओरडून सांगतं.

तालमीआधी संहिता आठ ते अकरा वयाच्या मुलांपुढे वाचायची. पोशाख नाही, अभिनय नाही, नुसतं वाचन. हसली का, यापेक्षा ‘काय झालं ते सांगा’ हा प्रश्न मोठा. ‘तो माणूस पडला’ असं उत्तर आलं तर संहिता परत टेबलावर. ‘मुंबई दहा पौंडांना भाड्याने दिली’ असं आलं तर पुढे जायचं.

चित्रीकरणात घोटाळे ठरलेले. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की पेशवाई पगडी आणि मखमली अंगरखा हाती पडतो, म्हणून शतक लिहून चित्रासकट यादी द्यावी लागते. जरीच्या कपड्यावर लेपल माईक, म्हणजे छातीशी लावायचा छोटा माईक, घासतो आणि आवाज खरखरतो. तो आतल्या सुती बंडीला लावून वायर चिकटपट्टीने बसवायची. दिव्यांच्या उष्णतेने मिशीचा गम सुटतो, त्यामुळे जवळचे शॉट आधी घ्यायचे. दाढी ओठांवर आली की शेवटचा शब्द गिळला जातो, आणि पंच नेमका तिथेच असतो. वरचा ओठ मोकळा ठेवायला रंगभूषाकाराला आधीच सांगायचं.

संकलनात मी ध्वनिमुद्रित हशा घालत नाही. घरी मूल एकटं बघत असतं. कुठे हसायचं हे त्याला पडद्यामागच्या गर्दीने सांगू नये. पंचनंतर अर्धा ते एक सेकंद समोरच्या पात्राचा चेहरा ठेवला की पुरतो. मुंबईच्या स्किटमध्ये तो चेहरा कारकुनाचा: १० पौंडांचा आकडा ऐकून तो पावतीपुस्तक उघडतो आणि विचारतो, ‘अनामत किती?’