बॉन्डायला पोहायचंय? आधी झेंडे शोधा

सिडनीला बहिणीकडे गेलो तेव्हा बॉन्डाय ते कूजी हा दोन समुद्रकिनाऱ्यांमधला सहा किलोमीटरचा कड्याकडेचा रस्ता पायी केला. नजारा अप्रतिम! पण घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच काळजी : पाण्यात उतरू नका, तिथे शार्क असतात.

असतात, हे खरंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिटल बे इथे पोहणाऱ्या एका माणसाचा शार्कने जीव घेतला. सिडनीत त्याआधीचा असा मृत्यू १९६३ मधला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिडनीच्याच लाँग रीफजवळ एका सर्फरचा शार्कने जीव घेतला. बॉन्डायसमोर उन्हाळ्यात जाळी असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. ती दीडशे मीटर लांब आणि सहा मीटर उंच, किनारा मात्र जवळपास एक किलोमीटरचा. शार्क बाजूने, वरून सहज येतो. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात जाऊ नये, मोठ्या पावसानंतरच्या गढूळ पाण्यात तर नाहीच. पक्षी माशांवर झेपावताना दिसले तरी बाहेर या. भोंगा वाजला किंवा लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला, तर सामान, फोटो काही न बघता किनारा गाठा.

मला खरी धास्ती वाटते ती रिपची. किनाऱ्यावर आलेलं लाटांचं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परततं, तो हा प्रवाह. बॉन्डायच्या दक्षिण टोकाच्या रिपला ‘बॅकपॅकर्स रिप’ म्हणतात, कारण नवखे पाहुणे नेमके तिथेच उतरतात. फसगत अशी, की तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या आपल्या माणसांना तीच जागा सुरक्षित वाटते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी याच किनाऱ्यावर लागोपाठ मोठ्या लाटा आल्या, शेकडो लोक आत ओढले गेले, पाच जण दगावले. बाकीच्यांना जीवरक्षकांनी वाचवलं.

तेव्हा लाईफगार्ड नजर ठेवतात त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. बॉन्डायला वर्षभर लाईफगार्ड असतात. कुठे उतरू, असं त्यांना बेधडक विचारा, ते नीट सांगतात. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात त्या पांढऱ्या पाण्याकडे सरका. आपला माणूस ओढला जाताना दिसला तरी मागोमाग उडी घेऊ नका, आधी लाईफगार्डला हाक मारा. ते नसतील तर ००० या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा.

पोहता येत नसेल किंवा सोबत आई-बाबा असतील, तर याच रस्त्यावरच्या ब्राँटी किनाऱ्याला जा. तिथे खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव फुकट आहे. भरतीला लाटा कठड्यावरून आत येतात, तेवढ्या वेळी काठावरच बसा. बॉन्डायला सर्क्युलर की किंवा बॉन्डाय जंक्शनहून ३३३ नंबरची बस जाते. वाळूत निळ्या फुग्यांसारखे ब्लूबॉटल, म्हणजे डंख मारणारे समुद्री जीव, पडलेले असतात, मुलांना हात लावू देऊ नका. डंख झाल्यास समुद्राच्या पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं ठेवायचा.