म्युनिकच्या बाल्कनीत डिश लावताना: सिग्नल भरपूर, चित्र नाही

पुण्यात डीडी फ्री डिशची छत्री आग्नेयेला, जवळजवळ ५९ अंश वर बघते. म्युनिकमध्ये १९.२ अंश पूर्व रेखांशावरच्या ॲस्ट्रा या टीव्ही उपग्रहासाठी क्षितिजापासूनची उंची फक्त ३४ अंश लागते. ऑफसेट डिशमध्ये (जिचा सिग्नल झेलणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) त्यातले सुमारे २५ अंश आकारातच असतात, म्हणून ती जवळजवळ सरळ उभी दिसते. ती आणखी मागे कलवू नका, ब्रॅकेटवरचा आकडा पाहा.

खरी फसगत आडव्या दिशेला होते. १३ अंश पूर्व रेखांशावरचा हॉट बर्ड हा दुसरा उपग्रह तिथे जवळजवळ नेमका दक्षिणेला, ३५ अंश उंचीवर आहे. ॲस्ट्रा त्याच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, ८ अंशांवर. उंचीत फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, त्यामुळे डिश फिरवताना आधी हा शेजारचा हॉट बर्डच सापडतो. सिग्नल मीटरवर लेव्हल भरते, क्वालिटी शून्य. लेव्हल कुठल्याही उपग्रहाने वाढते, क्वालिटी मात्र मीटरला दिलेल्या फ्रिक्वेन्सीशी जुळल्यावरच.

म्हणून आधी ओळंबा लावून खांब सरळ करा. तो कलला असेल तर फिरवताना उंचीही बदलत जाते. मीटरवर ११४९४ मेगाहर्ट्झ, पोलरायझेशन (लहरींची दिशा) हॉरिझाँटल, सिम्बॉल रेट (डेटाचा वेग) २२००० भरा. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून लांब धरा. दक्षिणेकडून डावीकडे अगदी सावकाश सरका: ५० मिमीच्या खांबावर १ अंश म्हणजे अर्धा मिमीसुद्धा नाही. खांबावर पेन्सिलने खूण केली की किती सरकलो ते कळतं. क्वालिटी दोन्ही बाजूंना जिथे सारखीच पडते, त्या दोन खुणांच्या मधोमध डिश ठेवा. मग एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल झेलणारा भाग) जागच्या जागी थोडा फिरवा (इथे सुमारे ७ अंश कल लागतो) आणि क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे थांबा. दास एर्स्टे एचडी हा जर्मन चॅनेल लागला तरच उपग्रह बरोबर.

बाल्कनीत जागा वाचवायला ४० सेंमीची डिश घेण्याचा मोह होतो. तिचा झोत (ती आकाशाचा जेवढा पट्टा टिपते तो) सुमारे ४.४ अंश रुंद असतो, ८० सेंमीचा २.२. ॲस्ट्राच्या दोन्ही बाजूंचे शेजारी उपग्रह, १६ आणि २३.५ अंश पूर्वेचे, त्याच फ्रिक्वेन्सी वापरतात. लहान डिशमध्ये त्यांचा सिग्नल आत झिरपतो, आणि पावसात आपला क्षीण झाला की चित्र आधी तुटतं. किमान ६० सेंमी घ्या, जमलं तर ८०.

नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. शेवटच्या पिळात डिश हमखास सरकते, तेव्हा नजर मीटरवरच हवी.