अताकेची सर

तोक्योला गेल्यावर काहीही झालं तरी उकियो-ए, म्हणजे तिथली जुनी जपानी चित्रं, बघायची, हे मी आईला विमानात बसायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. भाऊ निशी-कासाईला राहतो. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची, मग चियोदा लाइनने मेइजी-जिंगूमाए. स्टेशनाबाहेर हाराजुकुची ती तुफान गर्दी, पण ओमोतेसांदोचा मोठा रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरलो आणि दोन-तीन मिनिटांत ओता मेमोरियल म्युझियमच्या दारात उभ्या होतो.

म्युझियम अगदी लहान आहे. आत शिरताच आई थबकली. "दिवे गेलेत का गं इथले?" उजेड खरंच फार कमी होता. या चित्रांमधले बरेच जुने रंग फुला-पानांपासून केलेले असतात आणि उजेडात ते उडतात. त्यामुळे चित्रं काही आठवडेच भिंतीवर राहतात आणि मग बराच काळ अंधारात जपून ठेवली जातात. डोळे सरावले की एकेक रंग वर यायला लागतो. त्यासाठी थांबायची तयारी मात्र हवी.

हा संग्रह ओता सेइझो नावाच्या विमा उद्योजकाने केला. तरुणपणी परदेशात फिरताना त्यांनी पाहिलं, की जपानची उत्तमोत्तम चित्रं देशाबाहेर गेली आहेत. परत आल्यावर ते आयुष्यभर चित्रं जमवत राहिले, सुमारे बारा हजार. ते गेल्यावर 1980 मध्ये हाराजुकुत हे म्युझियम उघडलं. परक्या मुलुखात आपलीच वस्तू काचेमागे बघणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तोक्योचं जुनं नाव एदो. 'उकियो' हा शब्द मुळात बौद्ध विचारातला, दुःखाने भरलेला संसार अशा अर्थाचा. एदोच्या लोकांनी उच्चार तोच ठेवला, अक्षर बदललं, आणि अर्थ झाला वाहतं, घडीभराचं जग. नाटकातले नट, चहाघरातल्या बायका, पूल, पाऊस, सगळं त्यात आलं. हे काही सरदार-दरकदारांसाठी नव्हतं. साधा माणूस वाटीभर सोबा, म्हणजे जपानी शेवया, खायचा, साधारण तेवढ्याच पैशांत त्याला एक चित्र मिळायचं.

मी ज्याच्यासाठी आले होते ते चित्र दुसऱ्या भिंतीवर होतं. हिरोशिगे या एदोच्या चित्रकाराचं, 1857 सालचं, ओहाशी पूल आणि नदीकाठच्या अताके भागावर अवचित आलेली सर. कागद केवढासा, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाहूनही लहान. खाली पिवळसर लाकडी पूल, त्यावर वाकून, भराभरा चालणारी माणसं. नदीत एकटा तराफेवाला. पलीकडचा काठ राखाडी, नुसता आभास. आणि या सगळ्यावरून वरपासून खालपर्यंत पाऊस, केसासारख्या बारीक काळ्या रेघांचा.

आई काचेजवळ वाकली. पुलावरच्या एका माणसाने गवताचं काहीतरी पांघरलं होतं. "इरलं घेतलंय बघ त्याने," ती म्हणाली. तिचं माहेर संगमेश्वरकडचं. इरलं घेऊन लावणीला जाणारी माणसं तिने लहानपणी पाहिली आहेत. मग हळूच विचारलं, "हे छापलंय? मला वाटलं हाताने काढलंय."

उत्तर मला माहीत होतं, पण ते कळलं त्याच आठवड्यात एका कारागिराला समोर बसून छापताना पाहिलं तेव्हा. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढून देतो. तो कागद उलटा करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवतात आणि कोरणारा त्या कागदासकटच कोरतो. म्हणजे मूळ चित्र तिथेच संपतं. रेघ कोरायची नसते, ती राखायची असते; तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढून टाकायचं. हा सगळा पाऊस म्हणजे लाकडाच्या फळीवर उभ्या राहिलेल्या धाग्याएवढ्या कडा! एक कड तुटली की संपलं. शिवाय पावसाचे ठसे दोन, रेघांचा कल जरा वेगवेगळा. सरीवर सर चढते ती त्यामुळे.

मग छापणारा. तो मांडी घालून बसला होता. ठशावर रंग, त्यात भाताची थोडी खळ, ब्रशने सारखं केलं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा ओलसर कागद त्याने ठशाच्या कोपऱ्यातल्या खाचेत अचूक बसवला आणि वेळूच्या पातीत गुंडाळलेल्या चकतीने, सगळं अंग टाकून, घासला. दर रंगाला वेगळा ठसा, आणि दर वेळी कागद त्याच खाचेत. हिरोशिगेच्या चित्रात वरचा काळा ढग मात्र ठशात कोरलेला नाही. ओल्या लाकडावर छापणाऱ्याने तो दर वेळी हाताने रंग पसरून आणलेला आहे. म्हणून या चित्राच्या कुठल्याही दोन प्रतींत ढग सारखा नाही.

चित्रावर हिरोशिगेची सही आहे, प्रकाशकाचाही शिक्का असतो. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुतेक चित्रांवर सापडत नाही. मला हे फार लागलं. पाऊस हिरोशिगेला सुचला खरा, पण तो पाडला त्या दोघांनी. पुढे 1887 मध्ये व्हॅन गॉगने हेच चित्र तैलरंगात उतरवलं. रंग जाड, कुंचला जोरकस, पण रेघांची ती धार तेलात येत नाही, असं माझं मत.

हिरोशिगे स्वतः एदोच्या आग विझवणाऱ्या खात्यातल्या घराण्यातला. 1855 च्या भूकंपात शहर मोडलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने एदोच्या प्रसिद्ध जागांची ही मालिका सुरू केली. 1858 मध्ये तो गेला. हे डोक्यात ठेवून पुन्हा त्या पुलाकडे पाहिलं, तर तो शाबूत पूल आणि त्यावरून घरी निघालेली माणसं वेगळीच दिसायला लागतात.

दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली, तो पूल बघूया. मोरिशिता स्टेशनला उतरून सुमिदा नदीकडे चालत गेलो. आताचा शिन-ओहाशी 1977 चा, तारांनी तोललेला. लाकडी पूल याच्या थोडा खालच्या अंगाला होता. मधल्या काळात 1912 चा लोखंडी पूल होता. 1923 च्या महाभूकंपात आजूबाजूला सगळं पेटलेलं असताना तो टिकला आणि त्यावर जमलेली माणसं वाचली. लोक त्याला 'माणसं तारणारा पूल' म्हणू लागले.

ऊन लख्ख पडलं होतं, पावसाचं नाव नाही. आईने कठड्याला हात लावला आणि विचारलं, "तो बसला कुठे असेल गं काढायला?" अताके पूर्वेच्या काठावर, म्हणजे आम्ही आलो त्याच बाजूला. म्हणून पूल ओलांडून हामाचोच्या काठावर गेलो, वळलो आणि पलीकडे पाहिलं. चित्रातली उंची मात्र तिथे कुठेच नाही. आई बराच वेळ टाचा उंचावून बघत होती.