कोपऱ्यातलं घड्याळ

दुसरा मॉनिटर घेतला तेव्हा वाटलं होतं आता काम दुप्पट होणार, ते काही झालं नाही, मान मात्र दिवसभर इकडून तिकडे फिरायला लागली. आणि तेव्हाच कळलं की मी वेळ बघायला मनगटाकडे बघतच नाही, मोबाईल टेबलावर पालथा पडलेला असतो, डोळे थेट स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जातात. विंडोज ९५ पासूनची सवय ती, इतक्या वर्षांची, सुटणार कशी? आणि नव्या मॉनिटरच्या त्या कोपऱ्यात काहीच नाही. खालची पट्टी, म्हणजे टास्कबारच नाही, मग घड्याळ कुठलं. भिंतीवरचं घड्याळ सेल बदलायला काढलं की आपण दिवसभर त्या खिळ्याकडे बघत राहतो ना, अगदी तसं.

आता कोणी म्हणेल, पहिल्या मॉनिटरवर आहे की, बघ तिकडे. अहो पण तिकडे मीटिंग फुल स्क्रीन केलेली असते, टास्कबार सगळा तिच्या पोटात, म्हणजे किती वाजले आणि हे कधी संपणार हे ज्या वेळी सगळ्यात जास्त कळायला हवं नेमकं त्याच वेळी घड्याळ गायब.

या घड्याळाचं आमच्याकडच्या नळाच्या पाण्यासारखं आहे. २०१२ ला विंडोज ८ मध्ये सगळ्या मॉनिटरवर टास्कबार आला, पण घड्याळाशिवाय. ते आलं २०१६ च्या अपडेटमध्ये, विंडोज १० ला. मग २०२१ ला विंडोज ११ आलं आणि दुसऱ्या मॉनिटरवरचं परत गेलं, लोक इलेव्हनक्लॉक नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून भागवायला लागले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ते परत आलं. आता टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिस्प्लेवर टास्कबार दाखवायची टिक केली की झालं. मी दोन वर्षं ती टिक न करता मान वळवत होतो, ते सोडा.

(विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये या घड्याळातले दोन टिंब लुकलुकायचे म्हणे. पण तेव्हाच्या ४ एमबी रॅमच्या मशीनला तेवढंही जड जायचं म्हणून काढून टाकले. दोन टिंब!)

तर दोन्हीकडे घड्याळ आलं, मी खुश. आई चहा घेऊन आली, दोन्हीकडे बघून म्हणाली, "दोन्ही सारखीच? मग दुसरं कशाला रे?"

तिचं बरोबर होतं. आमच्या घरात दोन घड्याळं कधी सारखी नसतात. हॉलमधलं बरोबर असतं, स्वयंपाकघरातलं आईनं पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असूनही सगळे त्याच्याकडे बघून पळापळ करतात. मी म्हटलं कॉम्प्युटरवर असं एकच घड्याळ पुढे ठेवता येत नाही. ती "बरं" म्हणून गेली.

पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. विंडोजमध्ये दुसऱ्या टाइम झोनची दोन जादा घड्याळं लावता येतात, मुख्य घड्याळावर माउस नेला की दिसतात. यादी बघत बसलो. नेपाळ आपल्यापेक्षा बरोब्बर पंधरा मिनिटं पुढे आहे! लगेच काठमांडूचं घड्याळ लावलं. नाव द्यायची जागा असते तिथे, तिथे 'आई' टाइप केलं.