बाजारू गाण्यांच्या देशात

फेब्रुवारी लागला की स्वीडनमधल्या चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना काय होतं कोण जाणे. मेलोडिफेस्टिवालेन नावाची गाण्यांची स्पर्धा सहा शनिवार टीव्हीवर चालते आणि तिथला विजेता युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेला जातो. एरवी लिफ्टमध्ये बुटांकडे बघत उभे राहणारे शेजारी त्या दिवसांत आपणहून बोलायला येतात. चमचमते कपडे, धूर, झुलपं उडवणारे पंखे आणि शेवटच्या ध्रुवपदाला हमखास वर चढवलेली पट्टी! त्यात गाणं तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये असा नियमच. तीन मिनिटांत आपल्याकडे तंबोरेसुद्धा लागत नाहीत.

मी विशारद केलेली, त्यामुळे माझं नाक वर असणं ओघानं आलंच. भाषा सुधारेल म्हणून ऑफिसच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या मंडळात गेले, तर वसंतातल्या कार्यक्रमासाठी बाईंनी इथल्या प्रसिद्ध पॉप बँडचं, अ‍ॅबाचं गाणं काढलं. मनात म्हटलं, हे तर चुटकीसरशी होईल. पण माझ्या वाट्याला आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज आला. ऐकून तोंडपाठ झालेली चाल वरच्या आवाजातल्या सोप्रानोवाल्या गाणार, मी तिच्याखालून वेगळ्याच सुरांनी जायचं आणि शब्द मात्र तेच! गळा सारखा वरच्या चालीकडे घसरायचा. (आपल्याकडे साथीचा गळा मुख्य गायकामागून जातो, ही सवय लागणार कुठून?)

मग हेडफोन लावून मूळ रेकॉर्डिंग नीट ऐकलं. अ‍ॅबाचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो एकदा गाऊन घेतलेला आवाज टेपचा वेग किंचित बदलून पुन्हा गाऊन घेत. वाजवताना दुसरा थर केसभर सरकलेला असतो आणि दोन बायकांचे आवाज भरदार, झळाळते होतात. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसालाच अशी खटपट सुचेल. आता याला बाजारू म्हणायचं तर म्हणा, पण बाजारासाठी एवढी मेहनत कोण करतं?

बरं, नाक मुरडण्याचा मक्ता फक्त पुण्याकडे नाही. १९७४ला ब्रायटनमध्ये अ‍ॅबा युरोव्हिजन जिंकले, म्हणून पुढच्या वर्षीची स्पर्धा स्टॉकहोमला आली. तर इथल्याच डाव्या विचारांच्या कलाकारांनी धंदेवाईक संगीताच्या निषेधार्थ समांतर महोत्सव भरवला! १९७६ला तर स्वीडननं स्पर्धेत भागच घेतला नाही.

खरं कौतुक मला नगरपालिकांच्या संगीतशाळांचं वाटतं. ब्रिटनी स्पिअर्सचं १९९८चं पहिलंच गाजलेलं गाणं लिहिणारा मॅक्स मार्टिन अशा सरकारी शिक्षणातूनच पुढे आला. पगारातून कापला जाणारा कर बघून पोटात दुखतं, ते तेवढ्यापुरतं थांबतं. आमच्या गुरुजींनी कितीतरी मुलांना फी न घेता शिकवलं, पण ते स्वतःच्या खिशाला चाट लावून.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं, की अ‍ॅबाचे मॅनेजर स्टिग अँडरसन यांच्या देणगीतून इथे पोलार संगीत पुरस्कार सुरू झाला आणि १९९८ला तो पंडित रविशंकरांना मिळाला. म्हणजे बघा, पैसा कुठला आणि गेला कुठे.

"पंडितजींना देणारच. त्यात काय विशेष?" बाबा म्हणाले, आणि तिकडच्या थंडीची चौकशी करू लागले.